वासाचा फोटो

गणपतराव धापोडकरांच्या घरातून यंदाच्या उन्हाळ्यात जो वास सुटला, त्याला नेमकं काय म्हणायचं यावर दिघोरीच्या त्या गल्लीत शेवटपर्यंत एकमत झालं नाही. समोरच्या मायाताई मेश्राम म्हणाल्या, ओल्या पोत्याखाली उंदीर मेला की असा येतो. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला म्हणाला, भिजलेली म्हैस बंद खोलीत कोंडली की येतो. गणपतरावांच्या बायकोनं, कुसुमावतीबाईंनी, दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"उंदीरही आहे आन् म्हैसही आहे. उंदरानं म्हशीचे मोजे घालून ठेवले आहेत."

आणि हा वास विकत घेतलेला होता. फोनवरून. सुगंधाची हमी वाचून.

गणपतराव एसटीतले रिटायर कंडक्टर. अख्खी नोकरी नागपूर-उमरेड रोडवर काढली. गाडीत फुकट्या शिरला की त्यांना चेहरा बघावा लागत नसे, वासावरून ओळखू येई, असं ते स्वतः सांगत. "माझ्या गाडीतून एकही फुकटा उमरेडले उतरला नाही," हे वाक्य घरात इतक्या वेळा झालं होतं, की त्यांची मुलगी प्रणाली लहानपणी शाळेत सुविचार म्हणून ते फळ्यावर लिहून आली होती.

हल्ली त्यांना फोनवर वस्तू मागवता येऊ लागल्या होत्या. 'झपाझप' नावाचं एक ॲप. पहिल्यांदा नेलकटर मागवलं, ते आलं. मग पाठ खाजवायचा लाकडी पंजा मागवला, तोही आला. तेवढ्यावर गणपतरावांची छाती अशी फुगली, की त्यांनी घरातल्या सगळ्यात मोठ्या खात्यात हात घातला. कूलर.

नागपूरच्या माणसाला कूलर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. लोखंडी पेटी, मागं पंखा, तीन बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, त्यावर पाणी. दर वर्षी चैत्र लागला की नत्थूजी सायकलवर खसचे भारे लादून गल्लीत यायचे, जुन्या ताट्या काढून नव्या तारेनं बांधून द्यायचे. चहा प्यायचे, ज्याच्या-त्याच्या घरची खबर ज्याला-त्याला सांगायचे आणि जायचे. यंदा ते फाटकाशी आले तेव्हा गणपतराव पाठ खाजवत उभे होते, पंजानं.

"काका, ताट्या भरून देऊ ना?"

"नाही नत्थूजी. आता तुमचं काम नाही. आम्ही ऑनलाइन मागवल्या."

"खस? फोनवर?" नत्थूजींनी सायकल स्टँडला लावली. "वास घेऊन पाह्यला काय?"

"फोनचा वास घेते का कोणी! फोटो पाह्यला. शंभर टक्के अस्सल लिहून आहे."

"फोटोत त मीबी चांगला दिसतो काका," नत्थूजी म्हणाले आणि मायाताईंच्या फाटकाकडे वळले.

आता यात खरी अडचण कूलरची नव्हतीच. प्रणालीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिच्या सासूबाई, रामटेकच्या कांताबाई, यांच्याकडे एसी होता. तो शब्द त्या असा उच्चारायच्या, की ऐकणाऱ्याला अंगावर शाल घ्यावीशी वाटे. फोनवर त्यांनी साफ सांगितलं होतं.

"पाठवतो ना बाप्पा, रीत आहे त पाठवतो. पण तोवर नवतपा लागन, नऊ दिवस नुसती आग. पोरीले थंडी खोली पायजे. मी स्वतः आणून सोडतो, खोली पाहतो. बरी वाटली त ठेवतो, नाहीतर आमचा एसी आहेच."

कुसुमावतीबाईंनी तेव्हापासून एकच ध्यास घेतला. लेक आपल्या घरी बाळंत झाली पाहिजे. डिंकाचे लाडू वळले, दुपटी शिवली, खोलीला चुना मारला. राहिला फक्त कूलर. आणि तो यजमानांच्या ताब्यात होता.

पार्सल आलं. ताट्या दिसायला देखण्या होत्या. हिरव्यागार, दाट, कडेला लेस लावल्यासारखी शिवण. 'शीतलगंध' असं लेबल. सुक्या होत्या तोवर वासही बरा होता, म्हणजे नव्हताच. आता नागपुरात नवी ताटी कोणी कोरडी लावत नाही. आदल्या दिवशी टाकीत बुडवून ठेवायची, मुरवायची, मग कूलरला चढवून दोन तास पळवून पाहायची, अशी पद्धत. लग्नाआधी नवरा पाहतात तसं. गणपतरावांनी पद्धतशीर बुडवल्या, चढवल्या, पंप सुरू केला आणि समोर खुर्ची टाकून, बनियन वर करून बसले.

पहिला झोत आला. गणपतरावांनी तोंड बंद केलं. दुसरा झोत आला, त्यांनी डोळेही बंद केले. तिसऱ्या झोताबरोबर ताट्यांचा रंग सुटला आणि पंख्यानं हिरवे शिंतोडे उडवले ते समोरच्या चुना मारलेल्या भिंतीवर, गणपतरावांच्या पोटावर आणि देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णावर.

"माय वं!" कुसुमावतीबाई पदर नाकाला लावून धावत आल्या. "काय मेलं?"

"काही नाही. नवीन आहे. उडून जाईन वास."

वास उडाला नाही. माणसं उडाली. त्या रात्री दोघं गच्चीवर झोपले, आणि तिथंही तो जिना चढून आला.

सकाळी रस्त्यावरची ती भुरी गाय, जी लग्नपत्रिका, पुठ्ठे, एकदा तर पोस्टमनची पावती खाऊन बसली होती, फाटकाशी आली. गणपतरावांनी ताटीची एक काडी पुढं केली. गाईनं हुंगलं, त्यांच्याकडे असं पाहिलं, की तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्या प्रवाशानं पाहिलं नव्हतं, आणि निघून गेली.

"परत करा हे गटार," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "आन् नत्थूजीले बोलवा."

"परत त करतोच. पण नत्थूजीले बोलावलं म्हणजे काय होईन? फुकटा सुटला ना! पहिले रिफंड. मंग नत्थूजी."

ॲपमध्ये वस्तू परत करण्याची कारणं दिलेली होती. रंग आवडला नाही. माप चुकलं. विचार बदलला. भेट म्हणून दुसऱ्या कोणाकडून मिळाली. नाकाचा कुठं उल्लेखच नव्हता. गणपतरावांनी 'इतर' दाबलं आणि लिहिलं, "घाण वास येते." उत्तर आलं, दोषाचा स्पष्ट फोटो पाठवा.

त्यांनी ताटीचा फोटो पाठवला. उत्तर: फोटोत दोष दिसत नाही. जवळून काढला, लांबून काढला, टॉर्च मारून काढला. दोष दिसत नाही. शेवटी त्यांनी कुसुमावतीबाईंना ताटीशेजारी उभं केलं.

"नाक धर वं."

"मी नाही धरत. माहा फोटो कुठल्या कुठं जाईन."

मग स्वतःच नाक दाबून, डोळे वटारून सेल्फी पाठवला. यावर मात्र कंपनीला पाझर फुटला. मराठीत निरोप आला: "प्रिय गणपतराव, आपल्या दुर्गंधीबद्दल आम्हाला खेद आहे. पिकअप मंजूर."

"आपल्या म्हंजे कोणाच्या?" गणपतराव भडकले.

"आता घ्या," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "त्यायलेबी पटलं."

पिकअपवाला आला. भला माणूस होता, फाटकातच थांबला. ताट्या ओल्या पाहून हात झटकले. "काका, ओला माल नाही घेता येत. वापरलेला धरते कंपनी."

"अगा, पण वापरल्याबिगर वास समजन कसा?"

"ते मले नाही माहीत. सुकवून ठेवा."

गणपतरावांनी ताट्या गच्चीवर सुकवल्या. नागपूरचं ऊन, पापडाच्या आधी ताट्या वाळल्या. पिकअपवाला पुन्हा आला, ताटी नाकाशी नेली. मोठा श्वास घेतला. परत घेतला.

"काका, याले त वासच नाही."

"सुकल्यावर नाही येत! ओली केल्यावर येते!"

"ओली केली त वापरली होते." त्यानं मोबाईलवर खटाखट दाबलं: दोष आढळला नाही. आणि निघून गेला. ओलं असलं तर वापरलेलं, सुकं असलं तर निर्दोष. गणपतरावांनी नोकरीत असले कायदे अनेक पाहिले होते, पण तेव्हा ते कायद्याच्या दुसऱ्या बाजूला उभे असत.

मग त्यांनी इंटरनेटवर कंपनीचा फोन नंबर शोधला. लगेच सापडला. एवढ्या लगेच सापडला हीच खरं तर शंका यायची जागा होती. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला, की सख्ख्या जावयानं बोलू नये. पैसे आत्ता, या क्षणी खात्यात पाठवतो म्हणाला, फक्त एक छोटं ॲप टाका, मला तुमचा फोन इथून दिसू द्या. गणपतराव टाकायला लागले. ॲप काही जाईना. फोन भरलेला होता. त्यात सकाळ-संध्याकाळ आलेले गणपतीचे, गुलाबाच्या फुलांचे, उगवत्या सूर्याचे, कपात वाफाळणाऱ्या चहाचे शुभ सकाळचे फोटो इतके खच्चून होते, की चोराला पाय ठेवायला जागा नव्हती.

"फोटो डिलीट करो अंकल," चोर म्हणाला.

"कोणता करू? हे गणपतीचे आहेत."

"सब करो."

"देवाचे कसे करू गा?"

चोरानं बराच वेळ धीर धरला. मग त्यानं एक शिवी हासडून फोन ठेवला. तेव्हा कुठं गणपतरावांच्या लक्षात आलं, की कंपनीचा माणूस एवढी ताजी शिवी देणार नाही. कंपनी खेद व्यक्त करते.

"झालं समाधान?" कुसुमावतीबाईंनी विचारलं. "आता तरी सोडा. प्रणाली सोमवारी येऊन राहिली. तिले साध्या फोडणीनंबी मळमळते सध्या."

"शनिवारपर्यंत थांब वं. मी पुन्हा तक्रार टाकली, कंपनीनं तपासणी ठेवली आहे. व्हिडिओवर. त्यायची पोरगी पाहणार, ताटी कूलरले लावलेली पायजे, चालू पायजे. शनिवारी झालं की रविवारी सकाळी नत्थूजी. शपथ."

शनिवारी फोन आला नाही. निरोप आला: आपली तपासणी रविवारी दुपारी होईल, कृपया उत्पादन तयार ठेवा. त्यामुळे रविवारी सकाळी नत्थूजी गल्लीत आले, मायाताईंकडे चहा प्याले, धापोडकरांच्या फाटकाकडे एकदा पाहिलं, रुमाल नाकाला लावला आणि पुढं गेले.

दुपारी फोन वाजला. पडद्यावर एक नीटनेटकी मुलगी, गळ्यात ओळखपत्र.

"नमस्ते सर, मैं रितिका. प्रोडक्ट चालू करके दिखाइए."

गणपतरावांनी ताट्यांवर बादली ओतली आणि बटण दाबलं. वास जागा झाला. सुकून-भिजून-सुकून तो आता पुरता वयात आला होता. कुसुमावतीबाई ओकारी आवरत मागच्या दाराकडे पळाल्या, आणि नेमकी तेव्हाच पुढच्या दारात गाडी थांबली.

जावई चंदनला सोमवारी सुट्टी नव्हती, म्हणून कांताबाई एक दिवस आधीच सुनेला घेऊन आल्या होत्या. अंगावर मोतिया रंगाची कोसा रेशमाची साडी. रामटेकपासून गाडीत बसून आंबलेल्या. मागून प्रणाली, पोट सांभाळत. चंदन बॅगा काढत होता.

"बंद करा!" कुसुमावतीबाई मागून दबक्या आवाजात ओरडल्या. "अवो, इहीणबाई आल्या! बंद करा ते!"

"सर, प्लीज कॉल मत काटिए," रितिका म्हणाली. "कॉल कटा तो रिक्वेस्ट क्लोज हो जाएगी. फिर से ओपन नहीं होती."

गणपतरावांचा एक हात बटणावर होता, एका हातात फोन. दारात लेक होती. फोनमध्ये फुकटा होता, नाक्यावर आलेला, आता पकडायचाच बाकी. बटणावरचा हात त्यांनी काढून घेतला.

"दोन मिनिटं वं कुसुम. दोनच मिनिटं."

कांताबाईंना बिचाऱ्यांना उन्हामुळं आधी काही कळलं नाही. कूलरचा आवाज ऐकून त्या सरळ आत आल्या आणि समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "चला, कूलर त चांगला सुरू ठेव—" एवढं बोलून त्यांनी श्वास घेतला. वाक्य तिथंच राहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला. मग हिरवा झाला, कारण पंख्यानं तेवढ्यात शिंतोडा मारला होता. मोतिया कोशावर खांद्यापासून निऱ्यांपर्यंत हिरवी नक्षी उमटली.

"सर, साउंड ठीक है, एअर-फ्लो भी ठीक है," रितिका म्हणाली. "इश्यू क्या है? मुझे तो कुछ दिख नहीं रहा."

"वास! वास आहे ना मॅडम, वास!"

"सर, स्मेल का विज्युअल प्रूफ चाहिए."

प्रणाली उंबऱ्यात उभी होती. तिनं "बाबा" म्हणायला तोंड उघडलं आणि 'बाबा'च्या जागी सकाळचे पोहे, वाटेतलं लिंबूपाणी, गाडीतला केळ्याचा तुकडा, सगळं बाहेर आलं. उंबऱ्यावर, पायपुसणीवर, चंदनच्या बुटांवर.

"ओह!" फोनमधून आवाज आला. "सर, अभी दिखा! अभी इश्यू क्लिअर दिख रहा है. थोडा क्लोज-अप मिलेगा?"

आणि गणपतरावांनी दिला. विचार वगैरे काही केला नाही. कोणी तिकीट दाखवलं की हात पुढं जातो तसा त्यांचा फोनवाला हात पुढं गेला. ते दोन पावलं सरकले, वाकले, आणि पोट धरून ओकणाऱ्या आपल्या लेकीसमोर फोन धरून उभे राहिले. आधी पायपुसणी, मग बूट, मग तिचा चेहरा.

प्रणालीनं मान वर केली. कॅमेऱ्यात पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या वर, बापाकडे पाहिलं. भुऱ्या गाईनं पाहिलं होतं, साधारण तसंच.

"काँग्रॅच्युलेशन्स सर," रितिका म्हणाली. "आपका रिफंड अप्रूव्ह हो गया."

कुसुमावतीबाईंनी येऊन कूलरचं बटण बंद केलं. ताट्या तेवढ्या टपटपत राहिल्या.

कांताबाई उठल्या. पदराचं एक टोक उचलून पाहिलं, सोडून दिलं. आवाज मुळीच चढवला नाही. एसीवाल्या माणसांना आवाज चढवावा लागत नाही.

"इवाई, खोली पाह्यली मी. चंदन, बॅगा टाक गाडीत."

"इहीणबाई, ते फक्त आजच्यापुरतं होतं," गणपतराव म्हणाले. "तपासणी होती. आता मंजूर झालं. आता नत्थूजी येते, खस लावते, उद्यापासून..."

"तुमचं होऊ द्या ना आरामात. पोरगी आमच्याकडे आहे."

"कुसुम, तू सांग ना वं!"

 कुसुमावतीबाई आत गेल्या. त्यांनी प्रणालीचं तोंड धुतलं, तिला पाणी पाजलं. मग फडताळातून लाडवांचा डबा काढला, दुपट्यांचं गाठोडं काढलं, आणि स्वतःच्या चार साड्या पिशवीत कोंबल्या.

"तू कुठी चालली?"

"बाळंतपणाले."

"रामटेकले? लोकाच्या घरी?"

"अवो, रीत काय आहे? पहिल्या टायमाले पोरीजवळ माय पायजे. घर कोणाचंबी असो. इहीणबाई, मी खाली गादी टाकून झोपीन, चालन ना?"

"खाली काहून? पलंग आहे ना बाप्पा," कांताबाई म्हणाल्या. त्या हिरव्या साडीत त्यांनी विहिणीचा हात धरला. एकाच वासातून वाचलेल्या बायकांची मैत्री लवकर होते.

"भाजी आहे फ्रिजमधी," जाता जाता कुसुमावतीबाई म्हणाल्या. "आन् तुळशीले पाणी घालत जा. विसरू नका."

गाडी गेली. गणपतरावांनी उंबरा धुतला. पायपुसणी फेकली. मग ते कूलरकडे वळले आणि पहिली तार सोडणार, एवढ्यात फोन टुणकला.

"अभिनंदन! आपला परतावा मंजूर झाला आहे. आमचा प्रतिनिधी येत्या काही दिवसांत उत्पादन नेण्यास येईल. कृपया उत्पादन टाकून देऊ नये. वापरलेले, ओले उत्पादन चालेल, मात्र पिकअपच्या वेळी दोष न आढळल्यास परतावा रद्द होईल."

गणपतरावांनी ते पुन्हा वाचलं. पिकअपवाला येणार. ताटी नाकाशी नेणार. ताटी सुकलेली असली तर वास नाही, वास नाही तर दोष नाही. आणि बाहेर नवतप्याचं ऊन असं, की भिजलेलं फडकं हातात वाळावं.

संध्याकाळी नत्थूजी घराकडे परतताना फाटकाशी थांबले. सायकलवर खसचा एकच भारा उरला होता.

"काका, देऊ काय बांधून? काकू दिसून नाही राहिल्या."

"रामटेकले गेल्या." गणपतराव आतूनच बोलले. "नत्थूजी, लावा ना. पण... आत्ता नाही. हे काढता येत नाही आत्ता. कंपनी येणार आहे."

"कधी?"

"काही दिवसांत."

"मंग तोपर्यंत?"

 वारा त्या बाजूनं होता, म्हणून भाऱ्यातल्या खसचा वास क्षणभर फाटकातून आत आला. गार, मातकट, ओळखीचा. नत्थूजींनी रुमाल नाकावर ओढला, पायडल मारलं, आणि वारा फिरला.

उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून गणपतराव खिशात कांदा ठेवत असत. तो त्यांनी काढला, ठेचून नाकाशी धरला. दुसऱ्या हातात बादलीतला मगा घेतला आणि ताट्यांना पाणी घालायला उभे राहिले. आधी डावीला, मग उजवीला, मग मागचीला, हळूहळू, सगळीकडे सारखं मुरेल असं.

आठवडा झाला तरी ते रोज तसेच उभे होते, आणि अंगणात तुळस सुकून काडी झाली होती.